शेवटी कडवट लागतं

३ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

तुमच्या कंपनीच्या थंड गाडीच्या ड्रायव्हरच्या हातून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. हा बाबा दर आठवड्याला आमच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात माल उतरवतो. तुम्ही त्याला गारठ्या म्हणता, हे त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, माझा भाऊ तुमच्याकडे वजनं करतो, तर म्हणाला, "कोण, आपला काटा?" म्हणजे तू तिकडे काटा झालास! असू दे. मला ढब्बूच बरा वाटतो.

फोन का नाही केला, असं विचारशील. बाबांचा पलंग आता पुढच्या खोलीत आणलाय. मी मोबाईल कानाला लावला रे लावला की "कुणाचा?" म्हणून ओरडतात, आणि तुझा आहे म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात ते दिवसभर. स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजले तर आणखीच संशय. त्यापेक्षा हे बरं.

आता कामाचं. बाबा जेवत नाहीत. प्रेशर वाढलंय म्हणून डॉक्टरांनी मटण बंद केलंय आणि मीठही जवळजवळ बंद. ज्या माणसाने जन्मभर मटणाचं दुकान चालवलं त्याच्यापुढे मी उकडलेला भोपळा ठेवते. सुरुवातीला ताट सरकवायचे, शिव्या द्यायचे. आता बघतसुद्धा नाहीत. शिव्या देत होते तेच बरं होतं. सदरा खांद्यावरून घसरतो इतके वाळलेत. दुकान बंद केलं तरी सकाळी उठून सुरी काढतात, दगडावर घासतात, फडक्याने पुसतात आणि परत ठेवून देतात. कापायला काही नाही. मला ते बघवत नाही रे.

तू दुकान हातात न घेता त्या कारखान्यात गेलास तेव्हा ते काय बोलले, ते मी विसरलेले नाही. "वाटाण्याला मटण म्हणणारा माझा मुलगा नव्हे." मी दारातच उभी होते. पण तुझा तो खिमा शेवटी भाजीच ना? मी डॉक्टरांना विचारलं, भाजीचा खिमा चालेल का? ते म्हणाले, मीठ नसेल तर थोडा थोडा चालेल. तर तसा बिनमिठाचा पाठव. कुठून आला ते मी बाबांना सांगणार नाही. त्यांच्या पोटात चार घास जाऊ देत, एवढंच मला हवंय.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून आधी हसलो, आणि मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच कामावर परत गेलो. बाबा आणि जेवत नाहीत? आपल्या घरात जेवणावरून भांडणं झाली ती कमी पडलं म्हणून.

खिमा पाठवतोय, पण बिनमिठाचा म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. बाबांना वाटतं मी इथे वाटाणे दळत बसतो. दळण वगैरे काही नाही, मी वजनं करतो. वाटाण्याचा सुका चुरा, पाणी, तेल ही मोठी वजनं यंत्र करतं. डब्याच्या खालीच काटा असतो. डबा जेवढा हलका झाला तेवढा माल मिश्रणात पडला, असं ते धरून चालतं. हवा दमट असली की पावडर डब्याच्या कडेला चिकटून बसते, मग यंत्राचा नुसता गोंधळ. तेव्हा मी रबरी हातोडीने टपल्या मारत फिरतो. पण बारीक वजनं सगळी हातची. खिमा धरून ठेवणारी पावडर, बिटाचा रंग, चवी, मीठ. एवढ्या मोठ्या पिंपात ही मूठ-दोन मूठ, पण सगळं नशीब त्यांच्यावर. धरणारी पावडर जराशी जास्त पडली की रबर, जराशी कमी पडली की तव्यावर भुगा.

तर अगदीच बिनमिठाचा केला तर तो बाबा सोड, मांजरही खाणार नाही. खारटपणासाठी आमच्याकडे एक वेगळी पावडर आहे. प्रेशरवाल्यांसाठी माल निघतो त्यात मिठाच्या जागी तीच घालतो. ती मी बेताची घातली आहे. चाचणीच्या खोलीत छोटं मिक्सर आहे, लॅबच्या मॅडमना म्हटलं वडिलांसाठी हवंय, तर त्या म्हणाल्या कर की, त्यात विचारायचं काय.

एक विचारतो, नीट सांग. प्रेशरशिवाय बाबांना दुसरं काही नाही ना? घालतो ते मी मोजूनच घालतो, पण कुणासाठी घालतोय हे मला माहीत पाहिजे. इथे तो नियमच आहे.

आणि माझं नाव काढू नकोस. ते नाव ऐकून थुंकून टाकतील, मग तुझी मेहनत वाया.

ढब्बू


१७ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

काय सांगू तुला, नाटक झालं नुसतं!

कांदा परतला, तुझा खिमा टाकला, वासाने बाबांची मान आपोआप वळली. वाटी हातात दिली. एक घास घेतला, चावला, चावला, चावतच राहिले. मग म्हणाले, "हे काय आहे? सायकलची ट्यूब?" मी म्हटलं, नवीन आलंय बाजारात. "आणि गोड का लागतंय? मटण कधी गोड असतं का? कुणी गाढवाने केलंय हे?" मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. आणि मग, ऐक, शिव्या द्यायला काहीतरी आधार हवा म्हणून असेल, पण त्यांनी दुसरा घास घेतला. आणि तिसरा. "चरबी कुठाय यात? ओठाला काहीच लागत नाही." वाटी अर्धी झाली तेव्हा कुठे खाली ठेवली. किती दिवसांनी मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं!

तू विचारलंस त्याचं उत्तर. नाही रे, प्रेशरच आहे. बाकी सगळं वयाचं. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मी आहे ना इथे.

पुढच्या फेरीला परत पाठव. ट्यूब नको म्हणावं.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, हा माणूस आपल्याला चव बघायला पाहिजे होता. आम्ही इथे दहा जणांना वाट्या देऊन बसवतो, सगळे म्हणतात "छान आहे". छानचं काय करायचं? ट्यूब म्हटलं की मला कळतं कुठला चमचा कमी करायचा.

तर धरणारी पावडर कमी केली. ती बर्फाच्या पाण्यात कालवावी लागते, मागच्या वेळी पाणी पुरेसं गार नव्हतं, ती माझीच चूक. गोड लागलं ते बिटामुळे. रंग लाल दिसावा म्हणून आम्ही तो सढळ हाताने घालतो, लोक आधी डोळ्याने खातात ना. बाबा डोळ्याने खाणारे नव्हेत, म्हणून तो पार उतरवला. दिसायला मातकट दिसेल, तू लक्ष देऊ नकोस. चरबीचे, म्हणजे थिजवलेल्या तेलाचे, दाणे वाढवलेत, आणि अगदी शेवटी घातलेत, म्हणजे मिश्रणात विरघळून जात नाहीत. ओठाला लागतील.

खरं सांगू? मी इतकी वर्षं इथे काम करतोय, पण एका माणसासाठी कधी काही केलं नव्हतं. काल भरताना प्रत्येक पिशवी मी दोनदा तोलली, हसू नकोस.

ढब्बू


६ मार्च

प्रिय ढब्बू,

यावेळी शिव्या नाहीत. पहिला घास सावकाश चावला. मग वाटीतला एक दाणा बोटाने उचलून चिमटीत दाबून बघितला, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचे तसा. ओठ चाटले. म्हणाले, "चरबी आली." एवढंच. मग म्हणाले, "पण अळणी आहे. मीठ घालणाऱ्याचे हात बांधलेत का?"

मी मीठ घालणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी डब्याकडे बोट दाखवतात, लहान मुलासारखे. मी डबाच वरच्या फळीवर ठेवून दिलाय. तुझ्या त्या पावडरीत वाढवण्यासारखं असेल तर बघ. आता दोन्ही वेळा तोच खिमा मागतात. भोपळ्याची सुटका झाली म्हणून भोपळासुद्धा खूश असेल.

काल दुपारी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. बघते तर सुरी आणि पाट घेऊन बसलेले. म्हणाले, "आण तो, मी बारीक करतो, तुला येत नाही." खिमा तो, त्यात आणखी काय बारीक करणार? पण दिला. त्यांनी तो पाटावर पसरून सुरीने असा काही टकटक केला की मला दुकानाचा आवाज आठवला. थोड्या वेळाने दमले आणि पडून राहिले. दमतात फार हल्ली.

ताई


१२ मार्च

ताई,

"मीठ घालणाऱ्याचे हात बांधलेत का?" हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणत होतो. आवाजासकट ऐकू येतं मला.

पावडर वाढवली आहे. मागच्यापेक्षा चांगली ठसठशीत. एकदम ओतली नाही, तीन छोटे घाणे केले, कमी, मध्यम, जास्त, आणि मी आणि मॅडमनी तिन्ही चाखले. जास्तवाल्यात खारटपणा मिठासारखाच आला. तोच पाठवतोय. बाबांची जीभ दुकानाची आहे, तिला कमी चालणार नाही. प्रेशरला त्याचा त्रास नाही, उलट त्यासाठीच ती पावडर काढलेली आहे, तेव्हा तू निर्धास्त घाल दोन्ही वेळा.

वजन करताना मी खिडकी बंद केली, पंखा बंद केला. वाऱ्याने काटा हलतो. इथले लोक चेष्टा करतात, काटा श्वास धरून वजन करतो म्हणून. करतो खरं. चिमूटभर इकडची तिकडे होऊ दिली नाही.

टकटक केलं हे वाचून बरं वाटलं. मीच समोर बसलोय असं वाटलं.

ढब्बू


२१ मार्च

प्रिय ढब्बू,

वाटी रिकामी! पुसून खाल्ली. आणि परत दिली तीही खाल्ली. फक्त म्हणाले, "शेवटी कडवट लागतं. गिळल्यावर, जिभेच्या मागे." एवढा एक दोष काढला. त्यांना दोष काढल्याशिवाय अन्न पचत नाही, तुला माहीतच आहे.

पण खरी गंमत पुढे. खाऊन झाल्यावर मला म्हणाले, "हे कोण करतं?" मी म्हटलं, कंपनी. "कंपनी? मी गोड म्हणालो, पुढच्या वेळी गोड नाही. चरबी नाही म्हणालो, चरबी आली. अळणी म्हणालो, मीठ आलं. माझं एवढं ऐकणारी कुठली कंपनी आहे?" मी भांडी उचलून आत पळाले. मागून म्हणाले, "पळ, पळ."

ढब्बू, त्यांना कळलंय. आणि कळूनसुद्धा ते खातायत. तू एकदा येऊन जा ना. मी तुला कधी गळ घातली नाही, आता घालते. पाय जड झालेत त्यांचे, उठताना मला धरावं लागतं. वयाचंच आहे, तरी पण ये.

ताई


२७ मार्च

ताई,

कडवट लागतं ते त्या पावडरीमुळेच. जास्त पडली की मागून कडू लागते, तिचा स्वभावच आहे तो. कमी केली तर परत अळणी म्हणतील. म्हणून ती आहे तेवढीच ठेवली आणि वरून कडूपणा झाकणारी चव घातली. मॅडम चाखून म्हणाल्या, कडू गेलं कुठे? मीही पाण्याचा घोट घेऊन, थांबून, परत चाखलं. गेलंय पूर्ण. आता बाबांना नाव ठेवायला जागा ठेवली नाही मी.

येण्याचं म्हणतेस. मलाही यावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी मला दारातून घालवलं, ताई. मी आपणहून गेलो नाही. त्यांना कळलं असेल तर एकदा म्हणू दे, ये. तुझ्याकडून निरोप आला तरी चालेल. मी त्याच दिवशी निघेन. न बोलावता येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडलेले मला बघायचे नाहीत.

तोवर हा खिमा जातोय तो मीच गेलो असं समज.

ढब्बू


१४ एप्रिल

ढब्बू,

तू त्या दिवशी आलास आणि स्मशानातूनच परत गेलास. सगळं आटोपल्यावर मी मागे वळून बघितलं तर तू नव्हतास. घराच्या उंबऱ्यापाशीसुद्धा आला नाहीस. मी रागावलेले नाही, पण तुला काही सांगायचं होतं ते राहिलं. म्हणून लिहिते.

आधी माझं पाप सांगते. बाबांना नुसतं प्रेशर नव्हतं. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यंत्राला जोडून रक्त धुवावं लागेल. बाबा म्हणाले, मी कुठल्याही यंत्राला बांधून घेणार नाही. मग उरलं काय, पथ्य. केळं नाही, नारळपाणी नाही, संत्रं नाही, भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं. किडनी खराब असली की अशा पदार्थांतलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि हृदय बंद पाडतं. तू विचारलं होतंस आणि मी नाही म्हणाले. बाबांनी मला शपथ घातली होती. "किडनी ऐकून तो धावत येईल, आणि मग माझ्यावर दया करत बसेल. मला तसा नकोय. यायचं तर आपणहून येऊ दे."

डॉक्टर म्हणाले, पोटॅशियमच वाढलं असणार. मला विचारलं, काय खायला देत होता? मी सगळं सांगितलं, एकही चूक केली नव्हती. मिठाऐवजी दुसरं काही वापरत होता का, असंही विचारलं. मी म्हटलं, छे, माझ्या हातचं सगळं अळणी असतं. मग मला आठवलं. आदल्या दिवशी मला वाटलं बिचारे कंटाळले असतील, म्हणून टोमॅटोचं सूप दिलं होतं. फक्त एक वाटी. टोमॅटो त्यांना मना होता. ढब्बू, मीच मारलं रे त्यांना. एका वाटीने. मला झोप लागत नाही, जेवण जात नाही. गॅस पेटवते आणि परत बंद करते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पण तुला एक गोष्ट द्यायची आहे, आणि ती माझ्यापाशी राहिली तर मी चुकेन. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तुझा नवा खिमा खाल्ला. सावकाश, सगळा. वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज जमलं. आता कडवट नाही. सांग त्याला, जमलं म्हणावं. आणि येऊ दे." त्यांनी तुला बोलावलं, ढब्बू. मी सकाळी लिहिणार होते. सकाळी ते उठलेच नाहीत.

ताई


१९ एप्रिल

ताई,

हे पत्र बसून वाच.

सूपाने काही झालेलं नाही. एका वाटीने काही होत नाही. ती वाटी तू डोक्यातून काढून टाक, आत्ताच्या आत्ता.

मी जी पावडर घालत होतो, मिठाच्या जागी, ती पोटॅशियमची असते. दुसरं तिसरं काही नाही, तेच. डॉक्टरांनी तुला विचारलं ना, मिठाऐवजी काही वापरत होता का? मी वापरत होतो. दोन्ही वेळा, रोज, मुठीमुठीने. अळणी म्हणाले, वाढवली. परत वाढवली. आमच्या पोत्यावर ठळक छापलेलं असतं, किडनीचा आजार असलेल्यांनी खाऊ नये. मी ते इतक्या वेळा वाचलंय की मला ते दिसेनासंच झालंय. एका ओळीत तुला लिहिलं असतं तर तू त्याच क्षणी फोन केला असतास. मी "पावडर" लिहून मोकळा झालो. तुला काय कळणार, असं वाटलं मला.

आणि कडवटपणा, ताई. त्यांना कडवट लागत होतं. ते फार पडतंय हे त्यांची जीभ सांगत होती. आख्ख्या कारखान्यात एवढी खरी जीभ नाही. आणि मी काय केलं, तर ती गप्प केली. वर झाकण घातलं आणि तुला फुशारकी मारली की नाव ठेवायला जागा ठेवली नाही. जमलं म्हणाले ते त्यालाच.

मी त्या चाचणीच्या खोलीत जाऊ शकत नाही. मॅडमना सगळं सांगितलं, त्या खाली बसल्या, त्यांनीही चाखलं होतं. त्या रडत होत्या आणि मी त्यांना पाणी देत होतो. मला मोठ्या डब्यांकडे टाकलंय. दिवसभर हातोडीने टपल्या मारतो.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. मी गप्प बसलो असतो तर तुला कधीच कळलं नसतं, हेही मनात आलं, दोन दिवस आलं. पण तू ती सूपाची वाटी जन्मभर उरावर घेऊन फिरली असतीस. ती तुझी नाही. माझी आहे.

ढब्बू


३० जून

ढब्बू,

तुला उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण मी रागावले होते. लिहायचे आणि फाडायचे. एकात तुला वाट्टेल ते बोलले होते, ते फाडलं हे बरं झालं.

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, किडन्या संपतच आल्या होत्या, यंत्र नको म्हटल्यावर फार दिवस उरलेच नव्हते. पण याने घाई झाली का? हो, झाली असणार. मी विचारलं, किती? ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनीसुद्धा भाजीचा खिमा म्हणजे मी घरी केलेला असं धरलं होतं. त्यांचाही चेहरा उतरला.

मी खोटं बोलले नसते तर तू ती पावडर हातात धरली नसतीस. तू एक ओळ लिहिली असतीस तर मी पिशव्या फेकून दिल्या असत्या. बाबांनी शपथ घातली नसती तर दोन्ही झालं नसतं. मी हे दिवसभर फिरवत बसते, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. फिरवून फिरवून दमले. आणि शेवटी माझा राग कुठे अडकलाय ते मला कळलं. तो पावडरीवर नाही.

तू एकदा आला असतास तर त्यांचे पाय बघितले असतेस. खांबासारखे सुजले होते, बोट दाबलं की खड्डा राहायचा. तुला विचारावं लागलं नसतं. तू ते पाय बघून मला कोपऱ्यात घेतलं असतंस आणि मी सगळं ओकले असते. तू खिमा पाठवलास, पुन्हा पाठवलास, पुन्हा पाठवलास. ते दर आठवड्याला त्या गाडीची वाट बघायचे, हे मी तुला कधी लिहिलं नाही. गाडीचा आवाज आला की पलंगावर उठून बसायचे. मी खोकं घेऊन आत आले की माझ्या मागे बघायचे, आणखी कुणी येतंय का. मग म्हणायचे, "आण, बघू काय पाठवलंय."

तू त्यांच्या बोलावण्याची वाट बघत होतास. ते तुझ्या येण्याची. आणि मी मधे उभी राहून दोघांचे खोटे निरोप पोचवत होते.

शेवटच्या फेरीतली एक पिशवी अजून फ्रीझरमध्ये आहे. टाकवत नाही, ठेववत नाही. सुरीही आहे तशीच, ती मी घासत नाही. हे दोन्ही तू येऊन बघ, मला एकटीला जमत नाही.

गारठ्या बाहेर गाडी चालू ठेवून थांबलाय. दर आठवड्याला विचारतो, काही द्यायचंय का काट्याला? आज हो म्हटलं. त्याला सांगितलंय, पुढच्या फेरीला खोकं आणू नकोस. त्याच्या शेजारची सीट रिकामी असते म्हणाला. त्या सीटवर बसून तू ये. मला बाकी काही नको, फक्त ये.

तुझी ताई